टॅरागॉनचा एक चमचा म्हणजे नेमका किती? सुगंधी पाल्याची खरेदी, माप आणि वापर

फ्रेंच पद्धतीच्या पाककृतींत एक ओळ हमखास भेटते: ‘टॅरागॉन, १ टेबलस्पून’. टॅरागॉन म्हणजे बडीशेपेसारख्या वासाचा एक सुगंधी पाला. ताजं की वाळलेलं, ते सांगितलेलं नसतं. चिरून मोजायचं की मोजून चिरायचं, तेही नाही. कोथिंबिरीच्या बाबतीत हे खपून जातं, कारण मूठभर जास्त पडली तरी भाजी बिघडत नाही. टॅरागॉनचं तसं नाही. वाळलेला एक चमचा जास्त पडला, की सगळ्या सॉसला खोकल्याच्या औषधासारखा वास येतो आणि मग त्यात कितीही क्रीम ओता, तो हटत नाही. मी पहिल्यांदा टॅरागॉन घालून चिकन केलं तेव्हा नेमकं हेच झालं. ताज्याच्या जागी वाळलेला पाला, तोही तेवढ्याच मापाने.

पुढे नोकरीच्या निमित्ताने तीन वर्षं फ्रान्समध्ये लियाँला राहिले. सोन नदीच्या काठाला, सेंत-आंत्वानच्या धक्क्यावर बाजार भरतो. तिथली एक भाजीवाली टॅरागॉनची काडी हातात द्यायची आणि आधी एक पान चावायला लावायची. किती घ्यायचं ते त्यानंतर ठरायचं. आता पुण्यात घरीच स्वयंपाकाचे वर्ग घेते, तेव्हा मीही तसंच करते. आधी पान चाखायचं, मग चमचा उचलायचा. लेखाचा क्रमही तोच ठेवला आहे.

आधी कोणतं टॅरागॉन, ते ओळखा

टॅरागॉन या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पाककृती चुकण्याचं निम्मं कारण इथेच असतं.

स्वयंपाकाला हवं असतं ते फ्रेंच टॅरागॉन. फ्रेंच लोक त्याला एस्त्रागों म्हणतात. पानं अरुंद, लांबट, गुळगुळीत, कडा अखंड. पान चावलं की आधी बडीशेपेसारखी गोडी येते, मग किंचित मिरमिरतं आणि जिभेचं टोक जरासं बधिर होतं. ही बधिरता हीच खरी खूण. या वासामागे एस्ट्रागोल नावाचं द्रव्य असतं. तेच काही जातींच्या बेसिलमध्येही असतं, म्हणून टॅरागॉन संपलं की हात आपसूक बेसिलकडे जातो.

दुसरं रशियन टॅरागॉन. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने ही त्याच जातीची वनस्पती, पण दांडगी, उंच वाढणारी आणि चवीला फिकी. पान चावलं तर गवत चावल्यासारखं वाटतं, थोडं कडवट. फ्रेंच टॅरागॉन क्वचितच फुलतं आणि त्याला रुजणारं बी धरत नाही. ते छाटकलमाने किंवा मुळांचे गड्डे वेगळे करूनच वाढवावं लागतं. म्हणून ‘टॅरागॉन’ म्हणून बियांचं पाकीट कुणी विकत असेल, तर आत रशियन आहे असंच धरून चाला. हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा एका रोपवाटिकेतून असं पाकीट आणलं होतं. चार महिने पाणी घातलं, झाड कमरेएवढं झालं आणि सॉसला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

तिसरं मेक्सिकन टॅरागॉन. नाव तेवढं टॅरागॉन; झाड आपल्या झेंडूच्या प्रजातीतलं. पानं जास्त जाड, कडा बारीक दातेरी, फुलं पिवळी. वास मात्र बडीशेपेचा, आणि फ्रेंचपेक्षा जरा भडकच. उष्ण हवेत फ्रेंच टॅरागॉन टिकत नाही, तिथे पर्याय म्हणून हेच लावतात. महाराष्ट्रात घरी लावायचं तर माझं मत याच्याच बाजूने आहे.

टॅरागॉनचं एक भावंडही सांगायला हवं, कारण ते आपल्याकडे घरोघरी ओळखीचं आहे: दवणा. चैत्रात ज्योतिबाला वाहतात तो. टॅरागॉन आणि दवणा दोन्ही आर्टेमिसिया या एकाच प्रजातीतले. वर्गात मी दोन्हींच्या काड्या शेजारी ठेवते, कारण त्या हातात घेतल्यावर टॅरागॉन परकं वाटेनासं होतं. दवणा मात्र टॅरागॉनऐवजी स्वयंपाकात घालू नका. त्याचा गंध अत्तराचा आहे आणि चव कडू.

खरेदी

ताजं फ्रेंच टॅरागॉन आपल्याकडे सहज मिळत नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये परदेशी भाज्या विकणाऱ्यांकडे चौकशी करा. पुण्यात आणि इतर मोठ्या शहरांत अशा भाज्यांच्या गाळ्यावर आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर आणून देतात, पण दर वेळी मिळेलच असं नाही. रोझमेरी, थाइम, पार्सली, बेसिल यांची पाकिटं मात्र आता भाजीच्या ॲपवरही मिळतात.

ताजी जुडी घेताना तीन गोष्टी बघा. देठाचं कापलेलं टोक तपकिरी आणि चिकट नको. पानं काळी पडलेली नकोत. टॅरागॉनचं पान दाबलं गेलं की तिथे काळं होतं, त्यामुळे गच्च दाबून भरलेलं पाकीट टाळा. आणि एक पान चोळून वास घ्या. पाकीट बंद असेल तर निदान आतून पाण्याचे थेंब धरलेत का ते बघा. धरले असतील, तर पाला दोन दिवसांत सडेल.

किती घ्यायचं? चौघांच्या एका पदार्थाला १० ते १५ ग्रॅम ताजं टॅरागॉन पुष्कळ झालं. स्वस्तात मिळालं म्हणून १०० ग्रॅम घेऊ नका. मोह झालाच, तर त्याच संध्याकाळी लोणी नाहीतर व्हिनेगर करायला बसा. दोन्ही कृती पुढे दिल्या आहेत.

वाळलेलं घेताना सगळ्यांत लहान बाटली घ्या आणि वापरायची मुदत बघण्याआधी पॅकिंगची तारीख बघा. पानं अखंड आणि हिरवट असावीत. पिवळट, भुकटी झालेली नकोत. घरी आणल्यावर चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळा. बडीशेपेचा गोडसर वास लगेच आला पाहिजे. वाळल्या गवताचा आला तर ती बाटली कामाची नाही, आणि ‘जुनी आहे म्हणून दुप्पट घालू’ हा उपाय तर मुळीच करू नका. जुन्या पाल्यातला वास उडून जातो, कडवटपणा राहतो. दुप्पट घातलं की कडवटपणाच दुप्पट होतो.

पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्यांबद्दलही सांगते, कारण त्या प्रत्येक घरातल्या खणात साठलेल्या असतात. त्यावर ‘ओरेगॅनो’ लिहिलेलं असलं, तरी बहुतेक पुड्यांत मीठ, लसूण, मिरची असं बरंच काही मिसळलेलं असतं. पाककृतीतल्या एक चमचा ओरेगॅनोच्या जागी ती पुडी रिकामी केली, तर पदार्थ खारट होतो. पुडीमागची घटकांची यादी वाचा.

माप

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो इथे.

पहिला प्रश्न चमच्याचा. पाककृतीतला टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर आणि टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटर, म्हणजे तीन टीस्पून. ऑस्ट्रेलियन पुस्तकात मात्र टेबलस्पून २० मिलिलिटरचा, चार टीस्पूनचा. कपाचंही तेच: अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटर, मेट्रिक कप २५०. कपातला फरक पाल्याला जाणवत नाही, चमच्यातला जाणवतो. टॅरागॉनच्या बाबतीत १५ चे २० होणं म्हणजे एक तृतीयांश वाढ.

आपल्या घरातले स्टीलचे चमचे तर कोणत्याच मापाचे नसतात. वजनकाटा असेल तर वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि चमचा काठोकाठ पाण्याने भरून त्यात ओता. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. एका चमच्यावर विसंबू नका, दहा चमचे ओतून दहाने भागा. माझ्याकडचा नेहमीचा चहाचा चमचा ५ चा नाही, ७ चा निघाला. तेव्हापासून मापाच्या चमच्यांचा संच वेगळा ठेवते आणि तो भाजी ढवळायला कुणालाही देत नाही.

दुसरा प्रश्न स्वल्पविरामाचा. ‘१ टेबलस्पून चिरलेलं टॅरागॉन’ म्हणजे आधी चिरा, मग चमचा भरा. ‘टॅरागॉनची पानं १ टेबलस्पून, चिरून’ म्हणजे अख्खी पानं चमच्यात भरा, मग चिरा. अख्ख्या पानांमध्ये हवा राहते, चिरल्यावर ती बसतात. म्हणून पहिल्या मापात पाला बराच जास्त येतो. बारीक चिरलं की आणखी जास्त मावतं. कपात हे फार ठळक दिसतं. बेसिलची अख्खी पानं अलगद भरली, तर एका कपात २५ ग्रॅमच्या आसपास बसतात. दाबून भरली तर त्याच कपात याच्या दुपटीपर्यंत जातात. पाककृतीत ‘दाबून’ असं लिहिलं नसेल तर अलगद भरा, चमचा असो वा कप.

तिसरा, ताजं आणि वाळलेलं. सगळीकडे सांगितला जाणारा नियम तीनास एक: ताजं १ टेबलस्पून असेल तर वाळलेलं १ टीस्पून. सुरुवात करायला तो ठीक आहे, पण तो सर्वांना सारखा लागू होत नाही, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. थाइम, ओरेगॅनो, रोझमेरी, सेज यांचा वास वाळल्यावरही पानात राहतो. त्यांना तीनास एक बरोबर बसतं. टॅरागॉन आणि बेसिल वाळताना वरची गोड, हिरवी छटा उडते आणि खालची जड छटा राहते. पाला वाढवला तरी उडालेली छटा परत येत नाही. म्हणून टॅरागॉनसाठी मी तीनास एकपेक्षाही कमी घेते. ताजं १ टेबलस्पून असेल, तर वाळलेलं अर्धा ते पाऊण टीस्पून. मग चाखून पुढचं. पार्सली, कोथिंबीर, चाइव्ह (कांद्याच्या पातीसारखा बारीक पाला) यांना हा नियम लावूच नका. वाळल्यावर त्यांच्यात चवच उरत नाही. पार्सली नसेल तर वाळलेली पार्सली घालण्यापेक्षा ताजी कोथिंबीर थोडी कमी घालणं केव्हाही चांगलं.

वजनात सांगायचं तर बारीक चिरलेल्या ताज्या, मऊ पाल्याचा १ टेबलस्पून ३ ते ४ ग्रॅम भरतो. वाळलेल्या टॅरागॉनचा १ टीस्पून अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त, वाळलेल्या थाइमचा किंवा ओरेगॅनोच्या पानांचा साधारण १ ग्रॅम. स्वयंपाकघरातला नेहमीचा काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो, तो इतकं बारीक वजन नीट दाखवत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळतो. वारंवार करणार असाल तर तो घ्यावा. नसेल तर पुन्हा तीच युक्ती, दहा चमचे आणि भागाकार.

पाककृतीत ‘एक डहाळी’ लिहिलेली असते तेव्हा १० ते १२ सेंटिमीटरची काडी समजा. टॅरागॉनच्या भरदार डहाळीची पानं ओरबाडून चिरली, तर मला साधारण एक टीस्पून मिळतं. ‘जुडी’ हे माप मात्र देशागणिक बदलतं, आपल्याकडेही मेथीची जुडी दर बाजारात वेगळी असते. जुडीत माप दिलं असेल तर पदार्थ कोणत्या मुलखातला आहे ते आधी बघा.

कारण टॅरागॉन सगळीकडे चिमटीनेच वापरतात असं नाही. जॉर्जियामध्ये चाकापुली नावाचा पदार्थ ईस्टरच्या सुमारास करतात: कोवळं मटण, आंबट कच्चे प्लम, पांढरी वाइन आणि टॅरागॉन, तेही जुड्यांनी. आपण शेपू किंवा चुका घालतो तसं. ते बराच वेळ शिजतं, आंबटपणात मुरतं आणि त्याचा भडकपणा उतरतो. तिथे टॅरागॉनच्या अर्काचं हिरवंगार गोड पेयही पितात, तारखुन नावाचं. इराणमध्ये जेवणाबरोबर कच्च्या पाल्याचं ताट असतं, सब्झी खोर्दन. त्यात पुदिना, बेसिल, मुळा यांच्या जोडीला टॅरागॉनच्या काड्या असतात, आणि त्या रोटी-चीजबरोबर नुसत्या खातात. हे पदार्थ करताना फ्रेंच सॉसचा धाक मनातून काढून टाका आणि कृतीत लिहिलेल्या जुड्या घाला.

माप वाढवतानाचा एक नियम: चौघांचा पदार्थ आठजणांसाठी करताना बटाटे, क्रीम, मीठ दुप्पट, पण टॅरागॉन, रोझमेरी आणि सेज आधी दीडपट. पाच मिनिटं थांबा, चाखा, मग उरलेलं.

धुणं, खुडणं, चिरणं

पसरट भांड्यात पाणी घेऊन पाला बुडवा, हलवा आणि वर उचलून घ्या. पाणी ओतून देऊ नका, नाहीतर खाली बसलेली माती पुन्हा पाल्यावर येते. मग सुती पंचावर पसरून पूर्ण कोरडा करा. ओला पाला चिरला की सुरीला चिकटतो, काळा पडतो आणि चमच्यात गोळा होऊन मापही चुकवतो.

टॅरागॉन, थाइम, रोझमेरी यांची काडी शेंड्याला धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीने वरून खाली ओढा. पानं आपोआप सुटतात. शेंड्याचा कोवळा भाग तुटला तर तो पानांतच घाला. देठ टाकू नका. पार्सलीचे आणि टॅरागॉनचे देठ सूपच्या पाण्यात घालायला फार चांगले.

सुरीला धार हवी. बोथट सुरी पान कापत नाही, चेचते, आणि हिरवा रस पाटावरच राहतो. मिक्सरमध्ये कोरडा पाला फिरवू नका. चिरणं अगदी शेवटी, घालायच्या दोन मिनिटं आधी.

कधी घालायचं

कडक काडीचा पाला, म्हणजे रोझमेरी, थाइम, सेज, ओरेगॅनो, आधी घाला. तेलात किंवा लोण्यात, कांद्याबरोबर. मऊ देठाचा पाला, म्हणजे टॅरागॉन, बेसिल, पार्सली, चाइव्ह, शेपू, गॅस बंद करताना. वाळलेला कोणताही पाला पातळ पदार्थात निदान दहा-पंधरा मिनिटं शिजला पाहिजे, नाहीतर दाताखाली कागदासारखा लागतो. टॅरागॉन घातलेल्या चिकनमध्ये मी दोन्ही करते: देठ सुरुवातीला रश्श्यात, पानं शेवटी. देठाने खालची चव बसते, पानाने वरचा वास येतो.

टॅरागॉनला स्निग्ध आणि आंबट अशा दोन्हींची सोबत लागते. लोणी, क्रीम, अंड्याचा बलक. आणि व्हिनेगर, लिंबू, मोहरीची पेस्ट. चिकन, मासे, अंडी, मशरूम, कोवळे मटार, बटाटा, गाजर यांच्याबरोबर ते उत्तम जमतं. रोझमेरी किंवा सेजबरोबर एकाच भांड्यात घालू नका. त्या दोघी त्याला दाबून टाकतात. गरम मसाल्याच्या रश्श्यातही ते हरवतं. आपल्या फोडणीच्या स्वयंपाकात ओढूनताणून घालावं असं मला वाटत नाही. त्याचे स्वतःचे पदार्थ आहेत, ते करावेत.

टॅरागॉनचं लोणी

सुरुवात याने करा. बिनमिठाचं लोणी १०० ग्रॅम, बाहेर ठेवून मऊ केलेलं. बारीक चिरलेलं ताजं टॅरागॉन २ टेबलस्पून, म्हणजे साधारण ७ ग्रॅम. लिंबाचा रस १ टीस्पून, मीठ पाव टीस्पून. काट्याने कालवा, बटर पेपरवर वळकटी करा, फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. उकडलेल्या मक्यावर, भाजलेल्या मशरूमवर, तव्यावरच्या सुरमईवर एक चकती ठेवायची. वळकटी फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने राहते आणि यातलं टॅरागॉन बाटलीतल्या वाळलेल्यापेक्षा कितीतरी सरस लागतं.

बेअर्नेज

टॅरागॉनचं सगळ्यांत प्रसिद्ध सॉस हेच. १८३० च्या दशकात पॅरिसजवळच्या सें-जेर्मां-आं-ले गावातल्या ‘पाव्हियों आंरी कात्र’ या हॉटेलात ते पहिल्यांदा झालं असं सांगतात. हॉटेलला फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याचं नाव होतं, आणि तो मूळचा बेआर्न प्रांताचा. सॉसचं नाव त्यावरून.

चौघांसाठी: पांढऱ्या वाइनचं व्हिनेगर ६० मिलिलिटर, पांढरी वाइन किंवा पाणी ६० मिलिलिटर, बारीक चिरलेले सांबार कांदे २ टेबलस्पून, भरडलेली मिरी अर्धा टीस्पून आणि टॅरागॉनच्या दोन-तीन डहाळ्यांचे देठ. हे मंद आचेवर २ टेबलस्पून उरेपर्यंत आटवा, गाळा, कोमट होऊ द्या. खोलगट भांड्यात तीन अंड्यांचे बलक आणि हे पाणी घ्या. भांडं वाफेवर ठेवा, पण तळ उकळत्या पाण्याला टेकू देऊ नका. सतत फेटा. मिश्रण दाटसर होऊन फेटणीची रेघ मागे राहायला लागली, की भांडं खाली उतरवा. ७० अंश सेल्सिअसच्या आसपास बलक गोठायला लागतो, म्हणून भांड्याच्या बाजूला हात लावून बघत राहा. हात ठेववत नसेल तर लगेच वाफेवरून काढा. आता वितळवलेलं कोमट लोणी १५० ग्रॅम, आधी थेंब थेंब, मग बारीक धारेने घालत फेटा. शेवटी चिरलेलं टॅरागॉन १ टेबलस्पून आणि मीठ.

लोण्याच्या जागी साजूक तूप घालू नका. तूप कढवताना जी खरपूस चव येते, ती टॅरागॉनला पूर्ण झाकते. लोणी नुसतं वितळवा, वरचा फेस काढा आणि तळाचा पांढरा साका मागे ठेवून वरचं सोनेरी घ्या. सॉस फाटलंच, तर वेगळ्या भांड्यात एक बलक आणि चमचाभर कोमट पाणी फेटून त्यात फाटलेलं सॉस थोडं थोडं घाला; बहुतेक वेळा सावरतं. बलक अर्धवट शिजलेला असतो, त्यामुळे केलं की लगेच खायचं, उरलेलं ठेवायचं नाही.

टॅरागॉनचं व्हिनेगर

जुडी जास्त आली असेल तर हा सगळ्यांत चांगला उपाय. पांढऱ्या वाइनचं व्हिनेगर ५०० मिलिलिटर घ्या; लेबलवर आम्लता ५ टक्के किंवा जास्त असावी. टॅरागॉनच्या डहाळ्या, साधारण २० ग्रॅम, धुऊन पूर्ण कोरड्या करा. उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या काचेच्या बरणीत डहाळ्या घाला, त्या पूर्ण बुडतील असं व्हिनेगर ओता. धातूचं झाकण नको, व्हिनेगर ते खातं. अंधाऱ्या कपाटात दोन ते तीन आठवडे. पहिल्या आठवड्यानंतर दर तीन-चार दिवसांनी चाखा, वास हवा तेवढा आला की गाळून पाला काढून टाका. काकडीच्या कोशिंबिरीला, बटाट्याच्या सॅलडला हे फार छान लागतं.

हीच कृती तेलात मात्र करू नका. ताजा पाला किंवा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला, तर तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि आंबटपणाही नसतो. अशा जागी बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि वासावरून ते कळत नाही. पाल्याचं तेल केलंच तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

बाकीचा पाला, थोडक्यात

फ्रेंचांच्या ‘फीन झेर्ब’ मिश्रणात पार्सली, चाइव्ह, शेर्वील (chervil, पार्सलीसारखा नाजूक पाला) आणि टॅरागॉन असतं. सगळे सारखे घ्या असं लिहितात, मी पार्सली दोन भाग, चाइव्ह एक, शेर्वील एक आणि टॅरागॉन अर्धा घेते. शेर्वील मिळाली नाही तर पार्सली वाढवा. तीन अंड्यांच्या ऑम्लेटला हे मिश्रण एक टेबलस्पून.

पाककृतीत ‘बे लीफ’ असेल तर आपलं तमालपत्र घालून चव तीच येत नाही. युरोपातलं पान लॉरेल झाडाचं, त्याला मधोमध एकच ठळक शीर. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, तीन लांब शिरांचं, दालचिनीच्या वासाचं. पर्याय म्हणून घालायचं तर अर्धं पान.

बेसिल म्हणजे तुळस नव्हे. पण ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो तो सब्जा बेसिलच्याच जातीतला, आणि त्याच्या ताज्या पानाला बऱ्याचदा बडीशेपेची छटा असते. ताजं टॅरागॉन नसेल तेव्हा माझा पर्याय हा: १ टेबलस्पूनऐवजी सब्जाची किंवा बेसिलची पानं तेवढीच आणि भरडलेली बडीशेप चिमूटभर, टीस्पूनचा आठवा हिस्सा. बडीशेपेचा कोवळा पाला मिळाला तर तोही चालतो.

थाइमचा मुख्य वास थायमॉलचा, आणि ओव्यातही तेच थायमॉल. म्हणून थाइम नाही तर किंचित ओवा चुरडून घातला तर चालतो, पण अगदी किंचित. युरोपियन पाककृतीतली ‘डिल’ म्हणजे आपला शेपूच. फक्त आपल्या बाजारातल्या जुडीतला जून भाग सोडून कोवळे शेंडे घ्या.

साठवण

पार्सली, कोथिंबीर, टॅरागॉन यांचे देठ तळाशी कापून, दोन बोटं पाणी असलेल्या ग्लासात उभे करा, वर पिशवी सैल घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला. बेसिल फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने पानं काळी पडतात. ते ओट्यावरच पाण्यात ठेवा. रोझमेरी आणि थाइम ओलसर पंचात गुंडाळून डब्यात घातले की दोन आठवडेही राहतात.

वाळलेल्या पाल्याची बाटली शेगडीच्या वरच्या फळीवर नको. उकळत्या भांड्यावर धरून बाटली झटकण्याची सवय असेल तर ती मोडा. वाफ आत जाते आणि महिन्याभरात पाला मरतो. आधी तळहातावर घ्या, चोळा, मग घाला. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. टॅरागॉन सहा महिन्यांनी पुन्हा चोळून तपासा.

कुंडीत लावायचं असेल तर

फ्रेंच टॅरागॉनला ऊन हवं, पाणी झटकन निचरणारी माती हवी आणि हिवाळ्यात थंडीची विश्रांती हवी. आपल्या पावसाळ्यात त्याची मुळं कुजतात. कलम मिळालंच तर ऑक्टोबरात लावा, मातीत निम्मी जाड वाळू मिसळा, वरचा इंचभर थर वाळल्याशिवाय पाणी देऊ नका आणि फेब्रुवारीपर्यंत पानं वापरून घ्या. मार्चनंतर ते टिकलं तर आनंद माना.

मेक्सिकन टॅरागॉन मात्र बियांपासूनही येतं आणि काडी लावूनही. दहा इंचाची कुंडी आणि चार-पाच तास ऊन पुरतं. शेंडे खुडत राहिलं की ते दाट होतं. पावसाळा संपल्यावर पिवळी फुलं येतात. तीही खाण्याजोगी असतात, कोशिंबिरीवर टाका. याचं पान फ्रेंचपेक्षा भडक असल्यामुळे पाककृतीतल्या एका टेबलस्पूनच्या जागी आधी दोन टीस्पून घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि चाखून मगच तिसरा घाला.